भांडायची गोळी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं ते भांडणाचं. केळीवाल्याशी.

सकाळी टेम्पो गल्लीत आला. भोंग्यावर त्याचं 'अर्धापूरची केळी, अर्धापूरची गोड केळी' चालू होतं. प्रयाग, म्हणजे माझी बायको, दाराजवळच्या बाजेवर पडून होती. अंगात ताप, छातीत घरघर, आवाज तर कधीचाच बसलेला. तिनं बोट हलवून मला बोलावलं. मी वाकून कान तिच्या तोंडाशी नेला.

"इचारा त्याला, अर्धापूर कुठं हाय."

मी दारातून ओरडलो, "अर्धापूर कुठं हाय रे?"

"नांदेडकडं, मामा. तिथलाच माल हाय."

परत कान खाली.

"म्हणावं, माझं माहेर हाय ते. केळं पिवळं आन दांडा हिरवा, असलं केळं आमच्यात जनावर खात न्हाई. पावडर मारून पिकवलीस."

मी शब्दाला शब्द ओरडलो. केळीवाला पोरगा हसून म्हणाला, "मामा, भांडून कोण राहिलंय, तुमी का मावशी?"

"मावशी. मी नुसता भोंगा हाय. तुझ्या टेम्पोवर हाय तसाच."

त्यानं खालच्या क्रेटमधून झाडावर पिकलेली फणी काढून दिली. मी केळं वाटीत कुस्करलं. घास घशात अडकायचा म्हणून बोटभर-बोटभर भरवलं. अर्धं खाल्लं आणि म्हणाली, "अर्धापूरचं न्हाईच हे." त्यानंतर काही बोलली नाही. दुपारी गेली.

मी सेंट्रिंगचं काम करायचो. स्लॅबच्या फळ्या ठोकायच्या, काढायच्या. शाळा सातवीपर्यंत, तीबी नापास. मला लिहायची हौस नाही. पण शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या गावात प्रयागबद्दल भलतंच बोलतात, म्हणून लिहितो. गोड लिहिणार नाही. ती गोड नव्हती.

ती भांडायची. गावात तिच्या तोंडाला कुणी लागत नव्हतं. नळाच्या रांगेत कुणी हंडा पुढं सरकवला की तिचा पदर कमरेला खोचला गेलाच. पण तिच्या भांडणाला रीत होती. कुणाच्या मेलेल्या लेकराचं काढायचं नाही. कुणाच्या पोटी मूल नाही ते काढायचं नाही. आणि उपाशीपोटी भांडायला जायचं नाही. आधी भाकरी खायची, पाणी प्यायची, मग निघायची. मी म्हणायचो, "अगं, कुस्तीला चाललीस का?" ती म्हणायची, "तोंड हाय तर वापरावं. तुमी न्हाई वापरत, म्हणून मला दोघांचं वापरावं लागतं."

एकदा लातूरहून येताना यष्टीच्या कंडक्टरनं आमच्या फाट्याची घंटी मारलीच नाही. गाडी पुढं गेली. म्हणाला, "पुढच्या गावाला उतरा, तिथून जीप मिळंल." प्रयाग दाराच्या पायरीवर उभी राहिली आणि सुरू झाली. त्याच्या नोकरीपासून त्याच्या मिशीपर्यंत सगळं घेतलं. गाडीतली माणसं खिडक्यांतून बाहेर बघत हसून राहिलेली. शेवटी ड्रायव्हरनंच ब्रेक मारला. कंडक्टर हात जोडून म्हणाला, "बाई, उतरा, पाया पडतो."

"पाया नको पडू. मागं घे."

गाडी फाट्यापर्यंत उलटी आली. मी खाली मान घालून उतरलो. ती उतरताना त्याला म्हणाली, "आता घंटी मार." त्यानं मारली.

अशी बाई. तिची खरी जोड होती ती कौसाबाईशी. कौसाबाई म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, प्रयागची जाऊ. भाऊ वारला. मधली भिंत एक, अंगण एक. कौसाबाईच्या मोरीचं पाणी आमच्या अंगणात यायचं आणि प्रयाग ते बोलून-बोलून परत पाठवायची. नाली काही झाली नाही. कौसाबाईचा पोरगा बालाजी दर वेळी म्हणायचा, "करतो काकू, पाईप टाकतो." आजवर टाकला नाही.

आजार आला तो आम्हाला आजार म्हणून कळलाच नाही. आधी उजवा खांदा धरला. नांदेडला आमची पोरगी सुनीता दिलेली आहे, तिनं तिकडं हाडाच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं शेक सांगितला. मग वास जायला लागला. डाळ करपून काळी झाली तरी हिला पत्ता नाही. मग झोपेत हातपाय झाडायला लागली. झोपेतबी भांडायची. माझ्या छातीत बुक्की बसली की मी विचारायचो, "आज कोण?" ती डोळे न उघडता सांगायची, "रेशनवाला."

रांगोळी बारीक होत गेली. आधी दारभर काढायची, नंतर ताटाएवढी, नंतर रुपयाएवढी. ठिपके एकमेकांवर चढलेले. कौसाबाई म्हणाली, "कंजूष झाली गं प्रयागे, रांगोळीबी वाचवून राहिली." प्रयागनं तिला काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि मग बोटं. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरायला लागली. लग्नसराईत बाया बसून गव्हले वळतात तसं. पीठ नाही, परात नाही, बाई नुसती बसलेली आणि बोटं रिकामे गव्हले वळून राहिली. काम करताना थांबायची. हात मांडीवर ठेवला की चालू.

लातूरला मेंदूच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं तिला बोटं आपटायला सांगितली, मूठ उघड-बंद करायला सांगितली, चालून दाखवायला सांगितलं. चालताना एक हात हलत नव्हता, ते मलाबी तेव्हाच दिसलं. वळताना तर टेम्पोसारखी वळली, सगळं अंग एकदम, तुकड्या-तुकड्यानं.

डॉक्टर म्हणाला, "आजी, जरा हसा बरं."

"हसण्यासारखं काय झालंय?"

तो आपणच हसला. मग सांगितलं, कंपवात आहे. मेंदूत हालचालीचं एक रसायन तयार होतं, ते कमी पडून राहिलंय. समूळ जाणार नाही, गोळ्यांनी सांभाळता येईल. अंग जड होईल, पाय अडखळतील, दारात पाऊल चिकटल्यासारखं होईल. चेहरा कडक होतो, पापणी कमी लवते, आवाज बारीक होतो.

ती सगळं ऐकत होती. आवाजाचं आलं तेव्हा मान वर केली. "आवाज कशापायी?"

"तेबी हालचालच आहे, आजी."

गाडीत बसल्यावर म्हणाली, "हातपाय घेतले असते तर चाललं असतं. तोंडाकडं कशाला आला मेला?" आजाराला ती तेव्हापासून 'मेला' म्हणायला लागली. नाव कधी घेतलं नाही.

पुढं तसंच झालं. चेहऱ्यावर काही उमटंना. आत राग पेटलेला आणि बाहेर तोंड पुसलेल्या पाटीसारखं. तिच्या निम्म्या भांडणाला चेहराच पुरायचा, तो गेला. आवाज असा झाला की हाताच्या अंतरावरचा माणूस म्हणायचा, "काय म्हणलाव?" भांडणात समोरच्यानं 'काय म्हणलाव' विचारलं की भांडण मेलं.

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. तिनं ज्याला ज्याला बोलून ठेवलं होतं ते सगळे येऊन तिला बघून गेले. विचारपूस म्हणून आले. मला विचारपूस कळते. दुधवाला तिच्यासमोर उभा राहून पाणी घातलेलं दूध ओतून गेला आणि जाताना म्हणाला, "मावशी, आता शांत झालाव." नळावर हंडे पुढं सरकायला लागले. कौसाबाई ओट्यावर बसून बायांना सांगायची, "प्रयागी नरमली. देवानं तोंड बंद केलं."

नरमली नव्हती. तिनं गोळीचा अभ्यास केला.

गोळी घेतली की तासाभरात अंग सुटायचं. आवाज थोडा वर यायचा, पाय उचलायचे. मग काही वेळानं हळूहळू उतरायची. डॉक्टरनं सांगितलेलं, गोळी जेवणाआधी घ्या, डाळ-दूध तिच्यासोबत नको, नाहीतर नीट लागत नाही. तिला त्याचाच राग. "जनम गेला भाकर खाऊन भांडण्यात, आता उपाशी भांडायचं." पण शिकली. ज्या दिवशी कुणाशी हिशेब असायचा त्या दिवशी गोळी घेऊन ओट्यावर बसायची. मी चहा पुढं केला की हात आडवा. "थांबा. चढू द्या." पाय सुटला की उठायची, पदर मला खोचायला लावायची आणि निघायची. दुधवाल्याला तिनं असंच गाठलं. गोळीभर बोलली. त्यानं दूध बदलून दिलं. घरी आली, बाजेवर पडली, हात परत गव्हले वळायला लागला. पण त्या दिवशी तिच्या त्या कडक तोंडाचा एक कोपरा वर गेला होता. मी बघितला.

गोळी जास्त चढली की दुसरंच व्हायचं. बसल्या जागी मान, खांदे डुलायचे, पाय नाचल्यासारखे. बाया लांबून हात जोडायच्या. एकीनं तर हळद-कुंकू आणलं आणि विचारलं, "आई, माझ्या पोराचं लगीन कधी जमंल?" प्रयाग म्हणाली, "तो दारू सोडंल तवा." बाई पाया पडून गेली. तिला ती देवीची वाणी वाटली.

हलली की देवी. अडकली की करणी. मधली आजारी बाई कुणाला दिसायचीच नाही.

दारात तिचे पाय चिकटायचे. सपाट जमिनीवर चालेल, पण चौकट आली की पाऊल खिळल्यासारखं. ढकलून उपयोग नाही, ओढून तर नाहीच. पायापुढं काहीतरी आडवं लागतं, ओलांडायला. डॉक्टरकडं व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं हे सांगितलं होतं. मी आमच्या दाराच्या आत-बाहेर चुन्याचे आडवे पट्टे मारले. पट्टा दिसला की ती तो ओलांडायची आणि गाडी सुटायची. बाहेर जाताना मी काठी घेऊन मागं. अडकली की काठी पायापुढं आडवी टाकायची. कौसाबाईनं चुन्याच्या पट्ट्यांचंबी काढलं. "मंतरलेल्या रेघा" म्हणाली.

तो दिवस. मोरीचं पाणी आमच्या चुलीच्या कोपऱ्यापर्यंत आलं होतं. प्रयागनं गोळी घेतली, वाट बघितली, निघाली. मी मागल्या अंगाला लाकडं फोडत होतो, मला सांगितलं नाही. कौसाबाईच्या दारात उभी राहून बोलली. चांगली बोलली म्हणे. पण कौसाबाईनं तिला थांबवून ठेवलं. "हाव, हाव, बोल, अजून बोल" करत बसली. आणि गोळी संपली. प्रयाग त्यांच्या उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर, अडकली. तोंड अर्धं उघडं. डोळे समोर. समोर पाळणा होता. बालाजीचं लेकरू त्यात झोपलेलं.

कौसाबाई किंचाळली. "लेकराकडं बघून राहिली! डोळाबी लवत न्हाई तिचा!"

मी धावलो. अंगण माणसांनी भरलेलं. कुणी मीठ-मिरच्या आणल्या, विस्तवावर टाकल्या, धूर तिच्या तोंडावर केला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि डोळे मिटत नव्हते. ते बघून लोक मागं सरकले. मी ओरडलो, "हात लावू नका! अडकलीय ती! काठी आणतो!" एक पोरगा मोबाईल वर धरून उभा.

बालाजीनं तिचा दंड धरला आणि ओढली.

अंग आलं. पाय आले नाहीत.

खुब्याचं हाड मोडलं. लातूरला सळई टाकली. पण कंपवाताच्या माणसाला बाजेवर टाकलं की तो बाजेचा होतो. घास घशात चुकायला लागला, पाणी श्वासात जायला लागलं. डॉक्टर म्हणाला, यातूनच न्यूमोनिया होतो. तोच झाला.

तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरला. खाली लिहिलेलं, 'नजर लावणारी बाई'. मी तो लातूरच्या डॉक्टरला दाखवला. त्यानं दोनदा बघितला आणि म्हणाला, "गोळीचा असर संपला होता, दुसरं काही नाही. पापणी आजारानं लवत नाही." कागदावर लिहूनबी दिलं. तो कागद कुणी वाचला नाही, व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. माझ्या मोबाईलमध्ये अजून आहे. तिचा तेवढाच एक व्हिडिओ आहे माझ्याजवळ, आणि त्यात ती हलत नाही.

बाजेवर पडल्यावर तिला कशाचं काही राहिलं नाही. हाडाचं नाही, दुखण्याचं नाही, मोरीच्या पाण्याचंसुद्धा नाही. एकच. मला वाकवून कानात म्हणायची, "बालाजीला म्हणा, चार माणसांत सांग. काकू आजारी व्हती. एवढंच."

मी गेलो. बालाजी मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "काका, झालं गेलं जाऊ द्या ना."

"तू ग्रुपवर सांग. एवढं सांग की आजारी हाय."

आतून कौसाबाई म्हणाली, "डाक्टरला बाहेरचं काय कळतंय? आमचं लेकरू त्या दिवसापून रडून राहिलंय."

"लेकरं रडतातच, वैनी."

"असं न्हाई रडत."

मी परत आलो. प्रयागनं विचारलं नाही. माझ्या तोंडावरून तिला कळलं, माझं तोंड अजून हलतं. मग म्हणाली, आणि हे मी शब्दाला शब्द लिहितो, "मला जाळायचं तर आजारी बाई म्हणून जाळा. चेटकीण म्हणून न्हाई."

मी हो म्हणालो.

ती गेली त्या दिवशी बालाजी आला. खांदा दिला. लोक म्हणाले, बघा, पुतण्यानं खांदा दिला. सुनीता नांदेडहून पोचली तोवर तिरडी बांधून झाली होती. आईच्या तोंडावरून हात फिरवत ती म्हणाली, "आबा, किती मऊ झालंय तोंड." झालं होतं. सगळा कडकपणा गेला होता. बिनरागाची प्रयाग मी आधी बघितली नव्हती, आणि मला ती आवडली नाही.

तिरडी उचलली तेव्हा मागून कुणीतरी मोहऱ्या टाकत होतं. वाटेनं. मेलेली परत येऊ नये म्हणून टाकतात. कोण ते बघायला मी वळणार होतो, पण खांद्यावर ओझं होतं.

अग्नी मी दिला. दिवस मावळता परत आलो. दारात हातपाय धुतले, लिंबाचा पाला चावला. कौसाबाईच्या दारावरून माझी नजर गेली. त्यांच्या उंबऱ्यात, बरोबर मधोमध, नवा खिळा ठोकलेला. डोकं चमकून राहिलेलं. आपल्याकडं ज्या बाईची भीती असते, तिची वाट बंद करायला ठोकतात. प्रयाग ज्या जागी अडकली होती, त्याच जागी.

सुनीतानंबी बघितला. "आबा, आज नको. लोक हायत," ती म्हणाली.

मी त्या दिवशी काही केलं नाही. पिठलं-भाकरी कौसाबाईच्याच घरून आली. सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, भावकीनं आणायचं असतं. सुनीतानं एक घास खाल्ला. मी ताट झाकून ठेवलं.

सकाळी ऊन वर आलं, माणसं नळावर जमली, मग मी निघालो. सेंट्रिंगची जुनी पिशवी काढली. पटाशी घेतली, पक्कड घेतली. झाकलेलं ताट घेतलं. कौसाबाईच्या ओट्यावर ताट ठेवलं आणि त्यांच्या उंबऱ्यावर बसलो. पटाशीनं खिळ्याच्या भोवतीचं लाकूड उकरायला लागलो.

कौसाबाई बाहेर आली. "भावजी! काय करून राहिलाव?"

मी उकरत राहिलो. लाकूड सागवानाचं, खिळा खोल मारलेला. बालाजी आला, मागं त्याची बायको, कडेवर लेकरू. नळावरच्या बाया हंडे ठेवून वळल्या.

"काका, उठा. नका करू असं. आईला भ्या वाटतं."

"कशाचं?"

त्यानं नळाकडं बघितलं.

"मोठ्यानं बोल. नळापर्यंत जाऊ दे. कशाचं भ्या वाटतं?"

"येईल म्हणून," कौसाबाई म्हणाली.

आयुष्यात मी कुणाशी भांडलो नाही. तिच्यासाठी ओरडलो ते तिचे शब्द होते. आता कानात सांगणारं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "वैनी, जित्तेपणी तिला हा उंबरा ओलांडता आला न्हाई. पाय चिकटले व्हते तिचे. कंपवात व्हता तिला. कंपवात. मेल्यावर ती काय ओलांडणार? ह्या खिळ्याला काम काय?"

नळ वाहत होता, तोबी कुणी बंद केला नाही. मी बालाजीकडं बघितलं. त्यानं लेकराच्या टोपडीची नाडी सारखी केली, परत सोडली, परत बांधली. मग खाली बघत म्हणाला, "आजारी व्हती काकू."

"ऐकू आलं न्हाई."

"आजारी व्हती," तो म्हणाला. जरा मोठ्यानं. नळापर्यंत गेलं असेल, नसेल.

कौसाबाई आत निघून गेली. तिनं काही मानलं नाही, आणि मी तिला माफ केलं नाही. ते तसंच राहील.

खिळ्याचं डोकं पकडीत आलं. जोर लावून काढला. लाकडात भोक राहिलं, राहू दिलं. खिळा निघताना वाकला होता. घरी आलो, अंगणातल्या दगडावर ठोकून सरळ केला आणि खिळ्यांच्या डब्यात टाकला. मग चूल पेटवली.